याखालिन्कोमो (1968): कुणी ऐकलाय का? आणि ही खरंच कोल्ट्रेनची कॉपी आहे का?

टेनर_टिल्लू
मंडळी, सध्या घरात एकच रेकॉर्ड वाजतेय आणि घरचे वैतागलेत, म्हणून तुमच्याकडे आलो. विन्स्टन मांकुन्कू न्गोझी, दक्षिण आफ्रिकेचा टेनर सॅक्सवाला, अल्बम 'याखालिन्कोमो', साल 1968, रेकॉर्डिंग जोहान्सबर्ग. चारच जण: सॅक्सवर मांकुन्कू, पियानोवर लायनेल पिल्ले, बासवर अॅग्रिपा मागवाझा, ड्रमवर अर्ली माबुझा. चारच तुकडे. पहिल्या बाजूला मांकुन्कूच्या स्वतःच्या दोन रचना, 'याखालिन्कोमो' आणि 'डेडिकेशन', दुसऱ्या बाजूला अमेरिकन पियानोवाला होरेस सिल्व्हरचं 'डूडलिन' आणि अमेरिकन सॅक्सवाला जॉन कोल्ट्रेनचं 'बेसीज ब्लूज'.

आपल्याकडे जाझ म्हटलं की माइल्स, कोल्ट्रेन, फार तर डेव्ह ब्रुबेक, गाडी तिथेच थांबते. आफ्रिका म्हटलं की फेला कुटी, नाहीतर ह्यू मासेकेला. मांकुन्कूचं नाव आमच्या कट्ट्यावरच्या एकालाही माहीत नव्हतं. एका मित्राला ऐकवला तर म्हणाला, 'छान आहे रे, पण हा कोल्ट्रेनची कॉपी मारतोय.' तेव्हापासून डोकं सटकलंय.

माझं म्हणणं एवढंच, पहिली बाजू ऐका आणि मग बोला. 'याखालिन्कोमो'मध्ये सुरुवातीला तो अगदी निवांत, जवळजवळ गोड चाल वाजवतो, बासवाला खाली धीमेपणाने आपलं चालत राहतो, आणि मग सोलोत मध्येच सॅक्स वर चढतो आणि सूर फाटतो. तो मुद्दाम फाडलेला आहे, चुकून फाटलेला नाही, हे दुसऱ्यांदा ऐकताना कळतं. नावाचा अर्थ बैलाचा हंबरडा. कत्तलीच्या वेळचा.

तर प्रश्न: कॉपी आहे का? आणि असे विसरलेले आफ्रिकन जाझ अल्बम अजून कुठले?

अमृततुल्य
पहिला मीच! ऐकून सांगतो. तूर्तास जागा धरून ठेवतो.

कोकमसरबत
मला जाझमधलं ओ की ठो कळत नाही पण तुम्ही लिहिलंय असं की ऐकावंसं वाटलं. ऐकला. पहिला तुकडा आवडला, दुसरा डोक्यावरून गेला, तिसऱ्यात मी भांडी घासून घेतली. हे असंच असतं का?

टेनर_टिल्लू
@कोकमसरबत, ताई, भांडी घासतानाच 'डूडलिन' ऐकायचं असतं, ते त्यासाठीच बनलंय. दुसऱ्या तुकड्यासाठी एक करून बघा, सॅक्सकडे लक्षच देऊ नका, नुसता बास धरून ठेवा. मागवाझा काय करतोय एवढंच ऐका. बाकीचे तिघे त्याच्या आजूबाजूला आपोआप जागेवर येतात.

प्रा_झोपाळू
आता कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा, तो मी घेतो.

हा अल्बम मी बऱ्याच वर्षांपूर्वी ऐकलाय. वादक म्हणून माणूस तयारीचा आहे, शंकाच नाही. पण चारातले दोन तुकडे अमेरिकेतून उचललेले, त्यातला एक कोल्ट्रेनचाच, त्याच्या 'क्रेसेंट' अल्बमवरचा, 1964चा. तिसऱ्याचं पूर्ण नाव काय, तर 'डेडिकेशन टू डॅडी ट्रेन अँड ब्रदर शॉर्टर'. म्हणजे अर्पणपत्रिकासुद्धा कोल्ट्रेन आणि वेन शॉर्टर या दुसऱ्या अमेरिकन सॅक्सवाल्याच्या नावे. उरला एक तुकडा. एका तुकड्यावर अल्बमला अभिजात म्हणायचं? आज यांना जी भरभरून दाद मिळते त्यातली निम्मी वर्णद्वेषाच्या इतिहासाला असते, संगीताला नसते. वादक गरीब, काळा, पीडित म्हटलं की आपले कान लगेच हळवे होतात.

अमृततुल्य
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लोकल_लेट
आयला, इथे हा धागा! मी कामानिमित्त जोहान्सबर्गला राहतो म्हणून लिहितो. टिल्लूशेठ, विसरलेला वगैरे तुमच्यासाठी हो. इथे तो कुणी विसरलेलं नाही. माझ्या ऑफिसात पन्नाशीचा एक सहकारी आहे, त्याला नुसतं नाव सांगितलं तर त्याने कॉफीच्या मशीनपाशीच अख्खी चाल गुणगुणून दाखवली, मधल्या वळणासकट. जाझ फारसं न ऐकणाऱ्यालासुद्धा ही चाल माहीत असते. आपण ऐकलं नाही म्हणजे जगाने ऐकलं नाही असं नसतं.

बाकी झोपाळू सरांच्या मुद्द्याबद्दल. इतिहास बाजूला काढून ऐका म्हणता, पण या माणसाच्या वाजवण्यातून तो बाजूला कसा काढणार? साठच्या दशकात केपटाऊनच्या सिटी हॉलमध्ये गोऱ्यांच्या बँडबरोबर वाजवायचं होतं, तेव्हा मांकुन्कूला पडद्यामागे उभं केलं होतं. पुढे एक गोरा वादक सॅक्स तोंडाला लावून वाजवल्याचं नाटक करत होता. जाहिरातीत नाव 'विन्स्टन मान'. ऐकणाऱ्यांनी टाळ्या कुणाला वाजवल्या कुणास ठाऊक.

कोकमसरबत
बापरे. पडद्यामागे?? हे वाचून परत ऐकला. या वेळी भांडी नाही घासली.

प्रा_झोपाळू
@कोकमसरबत, हेच मी म्हणत होतो. पहिल्यांदा ऐकलंत तेव्हा दुसरा तुकडा डोक्यावरून गेला. गोष्ट वाचली आणि लगेच आवडला. सूर तेच आहेत.

कोकमसरबत
सर, आवडला असं कुठे म्हटलंय मी? परत ऐकला एवढंच म्हटलंय :) दुसरा अजूनही जड जातो. पण आता पहिल्यांदा कंटाळले का होते ते कळलं, मी शब्द शोधत होते, गाणं कधी सुरू होतंय म्हणून वाट बघत होते.

गल्लीबोळ
पियानोवर पिल्ले? म्हणजे आपला पिल्लै??

टेनर_टिल्लू
@गल्लीबोळ, होय, भारतीय वंशाचाच. 1860 पासून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळच्या उसाच्या मळ्यांत गिरमिटिया मजूर नेले, बरेचसे मद्रासकडून, त्यामुळे तिकडे पिल्ले, नायडू, गोवेंदर पैशाला पासरी. आणि या अल्बमवर मला सगळ्यात जास्त तोच आवडतो. सॅक्स थांबतो आणि पिल्लेचा सोलो सुरू होतो ना, तिथे तो घाईच करत नाही. सॅक्सने एवढा कल्लोळ केल्यावर दुसरा कुणी असता तर आणखी जोरात गेला असता. हा आवाज खाली आणतो, ब्लूजच्या दोन-तीन छोट्या जागा घेतो, त्याच परत परत फिरवतो. 1979 मध्ये याचाच 'प्लम अँड चेरी' निघाला, बेझिल कुटसीया सॅक्सवर, तोही ऐका.

आणि त्या सरकारी कागदांचा विचार करा. 1950च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाचा वंश नोंदलेला. मांकुन्कू एका रकान्यात, पिल्ले दुसऱ्या. त्याच साली आलेल्या ग्रुप एरियाज कायद्याने कुणी कुठल्या वस्तीत राहायचं तेही ठरवून दिलं. ही माणसं एका वस्तीत राहू शकत नव्हती पण एका रेकॉर्डवर आहेत.

नाखवा
थोडं अवांतर, पण राहवत नाही. आमच्या आजीच्या माहेरची बरीच माणसं केपटाऊनला. रायगड-रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून तिकडे जातायत, हे मुंबईत सांगितलं तर लोक तोंडाकडे बघतात. तिकडे त्यांना कोकनीच म्हणतात आणि म्हातारी माणसं घरात अजून कोकनी बोलतात. केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स वस्तीतही आपली माणसं होती. 1966 मध्ये ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि पुढच्या काही वर्षांत साठ हजारांहून जास्त लोक उठवले. मशिदी ठेवल्या, घरं बुलडोझरने पाडली.

आजीचा एक मामेभाऊ सुट्टीला यायचा तेव्हा एक कॅसेट आणायचा, त्यावर 'मॅननबर्ग' होतं. आम्हाला वाटायचं ही काय बिनशब्दांची कव्वाली. नंतर कळलं तो केपटाऊनचा पियानोवाला डॉलर ब्रँड, म्हणजे अब्दुल्ला इब्राहिम.

लोकल_लेट
@नाखवा, बिनशब्दांची कव्वाली, मान गये! आणि यात अजून एक देशी धागा आहे. 'मॅननबर्ग' 1974 मध्ये काढला रशीद वल्ली नावाच्या माणसाने, भारतीय वंशाचा मुसलमान, त्याचं जोहान्सबर्गमध्ये रेकॉर्डचं दुकान होतं. दुकानाचं नाव काय असेल? कोहिनूर! त्याच्या लेबलचं नाव अॅश-शम्स, म्हणजे सूर्य. त्याने कृष्णवर्णीय जाझवाल्यांचे कितीतरी अल्बम काढले, मोठ्या कंपन्या हात लावायला तयार नव्हत्या तेव्हा.

वांद्रेकर
जाझमध्ये देशी माणूस म्हटल्यावर अमान्सिओ डिसिल्वाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मुंबईत जन्मलेला गोवेकर घरातला गिटारिस्ट, लंडनला गेला आणि 1969 मध्ये जमैकाच्या जो हॅरियटबरोबर 'हम दोनो' केला. आमचे बाबा रंगभवनला जाझ यात्रेला जायचे, 1978 मध्ये पहिली झाली तेव्हा सॉनी रॉलिन्स आला होता. आम्ही लहान होतो, आम्हाला फक्त आइस्क्रीम आठवतं.

प्रा_झोपाळू
धागा आफ्रिकेचा आहे वांद्रेकर. अमान्सिओचा वेगळा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

जांभळीनाका
मी पण एक सुचवतो, फ्रँकोचं ओके जाझ! किन्शासाचा बँड. मस्त नाचायला लागतो माणूस.

गल्लीबोळ
@जांभळीनाका, भाऊ, ओके जाझमध्ये जाझ तेवढंच जेवढं बॉम्बे डकमध्ये बदक. तो काँगोचा रुंबा आहे. 1956 मध्ये सुरू झाला, ऑस्कर कशामा नावाच्या माणसाच्या बारमध्ये वाजवायचे म्हणून ओके. त्या काळी अर्ध्या आफ्रिकेत बँडच्या नावापुढे जाझ लावायची पद्धत होती, कबासेलेचा 'आफ्रिकन जाझ', गिनीचा 'बेंबेया जाझ'. आपल्याकडे कसं कुठल्याही हॉटेलपुढे 'शुद्ध' लावतात.

जांभळीनाका
लोल. पण नाचायला लागतो हे खरं आहे की नाही?

गल्लीबोळ
१००% खरं.

खर्जातला_षड्ज
उशिरा आलो. कॉपीच्या मुद्द्यावर गाण्याच्या बाजूने थोडं.

आपल्याकडे कुणी गुरूची हुबेहूब तान घेतली तर आपण म्हणतो 'वा, काय तालीम आहे'. कुमार गंधर्व लहानपणी भल्याभल्या गवयांच्या रेकॉर्डी जशाच्या तशा गाऊन दाखवायचे आणि लोक बोटं तोंडात घालायचे. त्यांना कुणी नकल्या म्हटलं नाही, कारण पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तर प्रश्न नक्कल केली का हा नाही, त्यातून पुढे कुठे गेला हा आहे. इथे मला झोपाळू सर आणि टिल्लू दोघंही अर्धे बरोबर वाटतात. 'बेसीज ब्लूज' मला तालीम वाटते, चांगली, तयारीची, पण तालीम. 'याखालिन्कोमो' ही गायकी वाटते. त्यात जो झोका आहे तो मला कोल्ट्रेनकडे सापडला नाही. कोल्ट्रेन एका जागी उभा राहून खोल खणतो, इथे चाल फिरून फिरून घरी येते, आणि घरी आली की बरं वाटतं.

टेनर_टिल्लू
@खर्जातला_षड्ज, दंडवत. तो झोका तिथल्या मातीतला आहे. तिकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराबी नावाचं संगीत होतं, बेकायदा दारूच्या गुत्त्यांत पेटी नाहीतर पियानोवर रात्रभर वाजायचं. तीन-चार कॉर्डचं छोटं चक्र, तेच फिरत राहायचं आणि लोक नाचत राहायचे. ते चक्र तिथल्या प्रत्येक जाझवाल्याच्या अंगात मुरलंय. मांकुन्कूच्या वाजवण्यात कोल्ट्रेन वरून आलाय, खाली ते आहे.

आणि कोल्ट्रेन जुलै 1967 मध्ये गेला. म्हणजे हा अल्बम त्याच्यानंतर वर्षभराने. केपटाऊनमधल्या पंचविशीच्या मुलाला, ज्याला पास, म्हणजे काळ्यांना सक्तीचा सरकारी परवाना, खिशात ठेवल्याशिवाय शहरात फिरता येत नव्हतं, रेकॉर्डीवर ऐकलेला माणूस गेला म्हणून 'डॅडी ट्रेन' लिहावंसं वाटलं यात लपवाछपवी काय आहे? नाव तर त्याने स्वतःच कव्हरवर छापलंय.

शब्दपिसाट
कवितेच्या बाजूने एक भर. मोंगाने वॉली सेरोटे या कवीचा पहिला संग्रह 1972 मध्ये आला, त्याचंही नाव 'याखालिन्कोमो'. सुरुवातीच्या टिपणात तो दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो. डुमिले या चित्रकार-शिल्पकाराने त्याला सांगितलेलं, गावाकडे एक गाय मारताना गोठ्यातली बाकीची गुरं बघत होती आणि ओरडत होती. आणि दुसरी, त्याने स्वतः पाहिलेला मांकुन्कू, सॅक्स फुंकताना चेहरा फुगलेला, घामाने भिजलेला, डोळे लाल.

1972 म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ढसाळांचा 'गोलपिठा' त्याच वर्षीचा. दलित पँथरही त्याच वर्षी.

प्रा_झोपाळू
आला! वाटच बघत होतो की ढसाळ कितव्या प्रतिसादात येतात. प्रत्येक काळ्या कलावंताशेजारी आपण ढसाळांना नेऊन बसवतो आणि दोघांवरही अन्याय करतो. साल जुळलं म्हणजे संबंध झाला का?

शब्दपिसाट
सर, पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरूनच घेतलं होतं, तेव्हा मुंबईतली पोरं समुद्रापलीकडे बघत होती हे काही मी रचलेलं नाही. ढसाळांनी मांकुन्कू ऐकला असं मी म्हटलेलं नाही. दोन माणसांनी एकाच सुमारास आपापल्या भाषेत ओरडायचं ठरवलं एवढंच. मांकुन्कूकडे शब्द नव्हते हा त्याचा फायदा झाला असं मला वाटतं, शब्द असते तर सेन्सॉरने कापले असते. सूर कसा कापणार?

लोकल_लेट
नाव मात्र खोसा भाषेतलं होतं. ज्यांना कळायला हवं त्यांना बरोबर कळत होतं.

वांद्रेकर
बाकी या बँडच्या आधी तिकडे काय होतं? मासेकेला वगैरे मंडळी त्यात का नाहीत?

टेनर_टिल्लू
@वांद्रेकर, ती मंडळी तोवर देशाबाहेर गेली होती. जानेवारी 1960 मध्ये जोहान्सबर्गला 'जाझ एपिसल व्हर्स वन' हा अल्बम रेकॉर्ड झाला, मासेकेला, डॉलर ब्रँड, किपी मोएकेत्सी, जोनास ग्वांग्वा सगळे एकत्र, पण तोच. त्यात किपीची 'स्कलरी डिपार्टमेंट' म्हणून रचना आहे. गोऱ्यांच्या क्लबात वाजवायचं आणि जेवायला मात्र मागे भांडी घासायच्या खोलीत, त्यावरून नाव. मार्चमध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी गोळीबार केला, 69 माणसं मेली, त्यानंतर बंदी, धरपकड. मासेकेला गेला, डॉलर ब्रँड गेला, 1964 मध्ये ब्लू नोट्स बँडवाले फ्रान्सच्या महोत्सवाला गेले ते तिकडेच राहिले. मांकुन्कू गेला नाही. शेवटपर्यंत केपटाऊनमध्येच राहिला, 2009 मध्ये तिथेच वारला. बाहेर नाव झालं नाही त्याचं हेही एक कारण. बाहेर गेलेल्यांचे अल्बम न्यूयॉर्क-लंडनला निघाले, याचे घरीच.

कोकमसरबत
भांडी घासायच्या खोलीत बसवून जेवायला घालायचे आणि मी वर भांड्यांचा विनोद केलाय. असो, तो तुकडाही ऐकते आता.

अमृततुल्य
ऐकला हो! जागा धरली होती ती वापरतो. मला झोपाळू सरांचं पटत नाही आणि टिल्लूचंही पूर्ण पटत नाही. मला सगळ्यात आवडलं 'डूडलिन'. काय मजा येते. चौघंही हसत हसत वाजवतायत असं वाटतं. आपण या माणसांना सारखं दुःखीच का करतोय? त्यांना त्या दिवशी स्टुडिओत मजा आली असेल की.

खर्जातला_षड्ज
+१. हा प्रतिसाद आवडला.

जांभळीनाका
मूळ रेकॉर्ड कुठे मिळेल? चोरबाजारात?

गल्लीबोळ
@जांभळीनाका, चोरबाजारात मिळाली तर आधी मला फोन कर. 1968ची मूळ प्रत बाहेर लोक वेड्यासारखे पैसे देऊन घेतात. पुन्हा छापलेली मात्र मिळते, ती घे. आणि मुंबईत ठेवणार असशील तर आतलं कागदी पाकीट बदल, पावसाळ्यात त्यालाच आधी बुरशी धरते, मग ती खाचांत उतरते. प्लॅस्टिकची आतली पाकिटं घ्यायची, रेकॉर्ड उभी ठेवायची, आडवी थप्पी नाही.

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच, अजून कुठले अल्बम. माझ्याकडून एक: 'आर्मिटेज रोड', हेशू बेशू ग्रुप, 1970, तोही दक्षिण आफ्रिकेचा. कव्हर बघा आधी. बीटल्स 'अॅबी रोड'च्या कव्हरवर जसे झेब्रा क्रॉसिंगवरून चालले होते तसे हे पाच जण वस्तीतल्या मातीच्या रस्त्यावरून चाललेत, ना झेब्रा ना क्रॉसिंग, आणि गिटारिस्ट सिरिल मागुबाने व्हीलचेअरवर, त्याला लहानपणी पोलिओ झालेला. तोच बहुतेक सगळं संगीत लिहायचा. गिटार इतकी स्वच्छ की बास.

शब्दपिसाट
इथिओपियाचा मुलातू अस्ताकेही घ्या यादीत, 'मुलातू ऑफ इथिओपिया', 1972. त्यांचे पाच स्वरांचे साचे आपल्या कानाला लगेच ओळखीचे वाटतात.

खर्जातला_षड्ज
ओळखीचे वाटतात आणि मग भलतीकडेच जातात. मी 'हा कुठला राग' म्हणून शोधत बसलो आणि डोकं धरलं. घानाचा गाय वॉरन पण घ्या, ढोलवाला, 1956चा 'आफ्रिका स्पीक्स, अमेरिका आन्सर्स'.

प्रा_झोपाळू
तुम्ही सगळ्यांनी मिळून मला आज पुन्हा ऐकायला लावलं. हेडफोन लावून, सलग, एका बैठकीत. निकाल देतो.

दुसऱ्या बाजूबद्दल माझं मत तेच आहे. 'बेसीज ब्लूज' मूळ ऐकावं. 'डूडलिन' मजेदार, अमृततुल्य यांचं मान्य, पण मजेदार तुकडे हजारो आहेत. 'डेडिकेशन'मध्ये मात्र एक गोष्ट लक्ष देऊन ऐकली. ज्याला अर्पण केलंय त्याच्यासारखं वाजवायचा मोह जिथे सर्वात जास्त, तिथे पिल्ले आणि माबुझा मिळून त्याला दुसरीकडे खेचतात. ड्रमवाला कोल्ट्रेनच्या बँडमधल्या एल्विन जोन्ससारखा गदारोळ करत नाही, हात राखून वाजवतो. त्यामुळे सॅक्सला कोल्ट्रेनकडे पूर्ण जाताच येत नाही. बँड त्याला जाऊ देत नाही. हा शोध टिल्लूच्या पिल्लेप्रेमामुळे लागला, श्रेय त्याचं.

'कॉपी' हा शब्द मी वापरणार नाही. 'अभिजात' हाही नाही. पहिला तुकडा जगातल्या कुठल्याही यादीत जाईल, बाकी तीन बघू.

टेनर_टिल्लू
सर, तुमच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं, स्क्रीनशॉट काढून त्या मित्राला पाठवलाय. तो म्हणतो झोपाळू कोण.

अमृततुल्य
हाहाहा

लोकल_लेट
ज्यांना पहिला तुकडा आवडला त्यांच्यासाठी: त्याच सुमाराचा ख्रिस शिल्डर क्विंटेटचा 'स्प्रिंग' ऐका, त्यात मांकुन्कू आहे आणि तिथे तो पाहुणा असल्यामुळे की काय खूप मोकळा वाजवतो. दोन्ही अल्बम मिळून एक सीडी निघाली होती. त्यानंतर थेट 1987चा 'जिका', मधली बरीच वर्षं त्याने रेकॉर्डिंग फार कमी केलं.

वांद्रेकर
अमान्सिओचा धागा काढलाय. झोपाळू सर, पहिल्या प्रतिसादाचं बोलला होतात.

प्रा_झोपाळू
आलो.